दुसरी पिचर

पहिल्या भेटीत त्या म्हाताऱ्याने माझं जपानी दोन मिनिटं ऐकलं आणि मुलाला म्हणाला, "हिला गप्प कर. ही रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखी बोलते." मी समोरच उभी होते. भरभर बोललं तर मला कळणार नाही असं त्याला वाटलं असावं. मला सगळं कळलं. पण त्याचा मुलगा माझा साहेब होता, म्हणून मी हसले आणि चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. त्याने कपाला हातही लावला नाही.

साहेब जपानहून इंदूरजवळ पीथमपूरच्या एका कारखान्यात तीन वर्षांसाठी आले होते आणि मी तिथे दुभाषी म्हणून नोकरी करते. ड्रॉइंगवरच्या सूचना, मीटिंगा, मशीन बंद पडलं की दोन्हीकडची आरडाओरड, हे सगळं मी इकडचं तिकडे करते. साहेबांची आई वारली आणि ऐंशीच्या पुढचे वडील तिकडे एकटे उरले. दोन वृद्धाश्रमांतून ते भांडून बाहेर पडले होते, म्हणून साहेबांनी त्यांना इंदूरला आणून अन्नपूर्णा मंदिराजवळच्या फ्लॅटमध्ये ठेवलं. "आठवड्यातून तीन दुपारी तुम्ही त्यांच्याशी बोलायला जाल का?" साहेबांनी मला विचारलं. साहेब विचारतात तेव्हा ते सांगणंच असतं.

पहिला महिनाभर मी तीन दुपारी तिथे जायचे आणि तिन्ही दुपारी माझा अपमान व्हायचा. भात चिकट होत नाही, पाणी जड आहे, शेजारची बाई मोठ्याने बोलते, आणि या सगळ्याला मी जबाबदार. मी त्याला आदराने 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हटलं तर म्हणाला, "मी कुणाला काही शिकवलेलं नाही. तसं म्हणू नकोस." मग काय म्हणू, असं विचारलं तर म्हणाला, "हाक मारायची गरजच काय? मी इथेच बसलेला असतो." मी मनात त्याला म्हाताराच म्हणायचे. इथेही तेच म्हणणार आहे.

त्याचा उजवा हात मात्र मी पहिल्या दिवसापासून पाहत होते. तो कोपरातून सरळ होत नसे. टेबलावरचं काही उचलायचं तर हात लांबवण्याऐवजी तो सगळं अंगच पुढे न्यायचा. शर्टाची डावी बाही मनगटावर बरोबर बसायची, उजवी बोटांपर्यंत लोंबायची. एका दुपारी टीव्हीवर क्रिकेट चालू होतं आणि तो बोलर्सना पुटपुटत शिव्या देत होता. मी सरळ विचारलं, "तुम्ही बेसबॉल खेळायचा ना? पिचर होता?"

त्याने टीव्ही बंद केला. "मुलाने सांगितलं?"

"नाही. हातावरून दिसतं."

"आणि तू वरच्या फळीवरचं सगळं डाव्या हाताने काढतेस," तो म्हणाला. "उजवा खांद्याच्या वर जात नाही. कुणी केलं?"

उशीर झाला असं काहीतरी बोलून मी उठले आणि जिना उतरताना लक्षात आलं की माझी पर्स वरच राहिली आहे. परत गेले नाही. दुसऱ्या दिवशी ती साहेबांनी ऑफिसात आणून दिली, आणि वडील एकेकाळी प्रोफेशनल खेळायचे एवढं सांगितलं.

कुणी केलं हे सांगायला दोन मिनिटं पुरली असती. माझे वडील शाळेत पीटीचे मास्तर होते आणि मुलींना सॉफ्टबॉल शिकवायचे. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. चेंडू मोठा, मैदान लहान, आणि चेंडू टाकणारी, म्हणजे पिचर, हात चक्रासारखा फिरवून चेंडू खालून सोडते. इंदुरात आमच्यासारख्या मराठी घरांतल्या कितीतरी मुली हा खेळ खेळल्या. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. संस्थान गेलं, फौज गेली, पण बाबांनी ती मोडली नाही. सकाळी साडेपाचला ग्राउंड, रविवारी मानपूरच्या पुढच्या घाटात चढावर पळणं, आणि रडेल तिने घरी जायचं.

मी त्यांची पिचर होते. एकटीच. खालून टाकलेल्या चेंडूने खांद्याला काही होत नाही असं बाबांचं ठाम मत होतं, त्यामुळे दुसरी पिचर तयार करायचा प्रश्नच आला नाही. बारा वर्षांची असल्यापासून मी रोज टाकत होते. एकोणिसाव्या वर्षी एका स्पर्धेत सेमीफायनल आणि फायनल एकाच दिवशी आल्या. सेमीफायनल संपल्यावर मी बाबांना सांगितलं, हात वर जात नाहीये. त्यांनी ओळखीच्या कंपाउंडरकडून मला इंजेक्शन देववलं. फायनल आम्ही जिंकलो. पुढची दोन वर्षं मला स्वतःची वेणी घालता आली नाही.

बाबांनी लोकांना सांगितलं, पोरगी बाथरूममध्ये घसरली. मीही तेच सांगत आले. स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी हुकली. मी पुण्याला मावशीकडे राहून जपानी शिकले, कारण त्या भाषेत माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. आई गेल्यावर परत आले. आता स्नेहलतागंजच्या घरात आम्ही दोघंच असतो, आणि बाबा अजूनही रोज सकाळी मुलींना शिकवायला जातात.

म्हाताऱ्याबद्दल मी बाबांना सांगायला नको होतं. जेवताना तोंडातून निघून गेलं.

"जपानचा प्रोफेशनल?" बाबांचा घास हातातच राहिला. "अन् तू महिन्याभरापासून चुपचाप बसून राहिली? अपन त्याला ग्राउंडवर आणू. पोरी कॅम्पला येऊन राहिल्या आहेत, पुढच्या महिन्यात भोपाळची स्पर्धा आहे. पेपरवाल्या भियाला पण बोलावून घेतो."

"तो चांगला माणूस नाही, बाबा."

"मला त्याच्याशी सोयरीक करायची आहे का?"

मला वाटलं म्हातारा नाही म्हणेल. त्याने टोपी मागितली.

रविवारी सकाळी सहाला मी त्याला घेऊन ग्राउंडवर गेले. बाबांनी मुलींना दोन रांगांत उभं केलं होतं. त्यांनी म्हाताऱ्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. म्हाताऱ्याने तो लगेच काढून बॅटांच्या पोत्यावर टाकला. पेपरवाल्याचा फोटो राहून गेला. बाबांचा चेहरा उतरला, पण पाहुणा होता, ते हसले. मग त्यांनी त्यांची पिचर दाखवली. सोळा वर्षांची, उंच, सडपातळ मुलगी. हात असा फिरायचा की डोळ्यांना दिसायचा नाही, फक्त कॅचरच्या ग्लव्ह्जमध्ये चेंडू बसल्याचा आवाज यायचा. खरं सांगते, तिला टाकताना बघून मला आनंद झाला नाही. मी तिचा खांदाच बघत राहिले.

म्हातारा पायऱ्यांवर बसून तासभर बघत होता. मग त्याने मला विचारलं, "ही सकाळपासून किती चेंडू टाकून झाली?"

मी बाबांना विचारलं.

"ते कोण मोजतो?" बाबा म्हणाले. "पोरगी ताकदवान आहे."

"दुसरी पिचर कोण?"

"दुसरी नाही. हिच्या तोडीची पूर्ण एमपीत नाही, सांग त्यांना."

मी सांगितलं. म्हातारा उठला आणि गाडीकडे चालू लागला. मुली टाळ्या वाजवायच्या तयारीत उभ्या होत्या. बाबा माझ्यावर ओरडले, "काय झालं? तू काय उलटंसुलटं सांगितलं?"

मंगळवारी मी फ्लॅटवर गेले तर तो बूट घालून बसला होता. कुठे जायचं नव्हतं. तो म्हणाला, "तुझा बाप गाढव आहे." मी म्हटलं, तुम्हीही काही कमी नाही. मला वाटलं आता हा साहेबांना सांगणार आणि माझी नोकरी जाणार. पण तो पहिल्यांदाच नीट माझ्याकडे वळून बसला आणि बोलायला लागला. मध्ये मी मान हलवली की "मान हलवू नकोस" म्हणायचा. तीन दुपारी मिळून त्याने जे सांगितलं ते असं.

युद्ध संपलं तेव्हा तो पाच वर्षांचा होता. बाप परत आला नाही. समुद्राकाठचं लहान गाव होतं, आई बंदरावर मासे साफ करायची. पोरं दगडाभोवती चिंध्या गुंडाळून चेंडू बनवायची आणि लष्कराच्या जुन्या तंबूच्या कापडाचे ग्लव्ह्ज शिवायची. हायस्कुलात त्याने शाळेच्या टीमसाठी उन्हाळ्याच्या मोठ्या स्पर्धेत चार दिवस ओळीने सगळ्या मॅचमध्ये एकट्याने चेंडू टाकले. पेपरांत फोटो आले. मग एका व्यावसायिक टीमचा माणूस घरी आला. येताना त्याने आईसाठी तांदळाचं पोतं आणि किमोनोचं कापड आणलं होतं. आईने पोत्यावर हात ठेवला आणि म्हणाली, जा.

अठराव्या वर्षी तो प्रोफेशनल झाला. मॅनेजर, म्हणजे टीमचा मुख्य कोच, आधी सैन्यात होता. टीम जिंकत असली की याला टाकायला उभा करायचा, हरत असली तरी यालाच. आज पूर्ण मॅच टाकली तरी उद्या शेवटच्या तासाला पुन्हा बोलावणं यायचं. तीन वर्षं हे चाललं; कोपर तेव्हाच वाकायला लागलं होतं. लोक रस्त्यात थांबवून त्याच्या हाताला हात लावायचे. चौथ्या वर्षी एका मॅचमध्ये खांद्याच्या आत आवाज झाला. "ओला कागद फाटतो तसा," तो म्हणाला. त्याने मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर म्हणाला, टाकत राहा, गरम झाला की सुटेल. अकरा दिवस तो टाकत राहिला. त्यानंतर त्याचा चेंडू कधी जोरात गेला नाही. सुया टोचून घेतल्या, गरम वाळूत हात पुरून बसला, हाडवैद्याकडे गेला. बावीस वर्षांचा होता.

मी विचारलं, मग खेळ सोडला?

"सोडून काय करणार होतो? मासे साफ?"

टीमने त्याला सरावाचा पिचर केलं. म्हणजे मॅचच्या आधी जाळीच्या मागे उभं राहायचं आणि आपल्याच टीमच्या बॅटर्सना सोपे, संथ, सरळ चेंडू टाकायचे, त्यांना मारता येतील असे. यादीत नाव नाही. मॅच सुरू झाली की गोळा केलेले चेंडू घेऊन आत जायचं. हे त्याने अठरा वर्षं केलं. एकदा, फक्त एकदा, हाताला काय झालं कुणास ठाऊक, जुना चेंडू निघाला, शेवटच्या क्षणी खाली पडणारा. समोरचा मोठा बॅटर चुकला. त्याने बॅट जमिनीवर आपटली आणि सगळ्यांसमोर ओरडला, "ए, मला आउट करायला ठेवलंय का तुला?" याने टोपी काढून माफी मागितली.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"आनंद झाला," तो म्हणाला. "तो चुकला ना."

पुष्कळ वर्षांनी जुन्या खेळाडूंच्या जेवणाला तो मॅनेजर भेटला. थकला होता, काठी घेऊन चालत होता. याच्या त्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाळा, तुला दुखतंय हे तू मला कधी सांगितलं नाहीस." याने सांगितलं होतं. ड्रेसिंग रूममध्ये, दोन माणसांच्या समोर. पण त्या जेवणाला सगळे हसत होते, आणि याने मान खाली घातली. पुढच्या वर्षी मॅनेजर वारला. हा अंत्यविधीला गेला नाही. टीमच्या लोकांनी त्यानंतर याला नवीन वर्षाची कार्डं पाठवणं बंद केलं.

"त्या दिवशी मी मान खाली घातली नसती," तो म्हणाला, "तर एवढं वाईट नसतं. खांद्याचं मला काही नाही. मान खाली घातली त्याचा राग येतो." मग लगेच माझ्यावर खेकसला, "रविवारी मला पुन्हा तिथे ने. आणि मी जे म्हणेन ते जसंच्या तसं सांग. गोड करू नकोस. तू फार गोड करतेस."

रविवारी बाबांनी त्याला बघून तोंड फिरवलं. तो सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. मुली चेंडू झेलत होत्या, ती पिचर बाजूला पाणी पीत होती. म्हातारा माझ्याकडे बोट दाखवून बोलला आणि मी ते मराठीत केलं. "ते विचारतायत, तुमच्या मुलीच्या खांद्याला काय झालं?"

बाबांनी पापणी हलवली नाही. "बाथरूममध्ये घसरली. सांग."

मी जपानीत सांगितलं, "हे म्हणतात, मी बाथरूममध्ये घसरले."

"हे म्हणतात ते कळलं," म्हातारा म्हणाला. "तू काय म्हणतेस?"

दुभाष्याला कुणी हे विचारत नाही. इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. मी मराठीत बोलले, बाबांकडे बघून. म्हटलं, "मी घसरले नव्हते. सेमीफायनलनंतर मी तुम्हाला सांगितलं होतं की हात वर जात नाही. तुम्ही कंपाउंडरला बोलावलं. त्याने सुई दिली तेव्हा तुम्ही माझं तोंड दुसरीकडे धरून ठेवलं होतं, मला दिसू नये म्हणून. मला आठवतंय, तुमच्या हाताला बामचा वास येत होता."

चेंडूंचे आवाज थांबले. मुली ऐकत होत्या.

"परक्या माणसासमोर?" बाबांचा आवाज चढला. "अरे, तुझ्यामुळे आपली टीम जिंकली होती. ते नाही सांगून राहिली तू. तुला मी घडवलं. नसतं टाकायचं तर नाही म्हणायचं होतं!"

"म्हटलं होतं."

"झूठ!"

म्हाताऱ्याने विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं, "म्हणतात, मी खोटं बोलतेय."

तो हसला. त्याला हसताना मी तेव्हाच पाहिलं, आणि ते बघायला चांगलं नव्हतं. बाबांनी त्याला ग्राउंडच्या बाहेर व्हायला सांगितलं. त्याचं भाषांतर मला करावं लागलं नाही.

मी त्या मुलीकडे गेले. वाटलं, हिला तरी कळलं असेल. ती पाण्याची बाटली बंद करत म्हणाली, "आंटी, प्लीज. मला स्टेट टीममध्ये जायचंय. तुमचं जे काय आहे ते घरी करा ना. माझं कशाला बिगाडता?"

"तुझा खांदा दुखतो का?"

"नाही," ती म्हणाली, आणि बाटली पिशवीत ठेवायला तिने डावा हात वापरला.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारा रोज ग्राउंडवर यायला लागला. साहेबांना काय सांगायचं ते त्याने सांगितलं असेल; साहेबांनी ड्रायव्हर दिला आणि मला पहाटे त्याच्यासोबत जायला लावलं. तो पायऱ्यांवर बसायचा, शेजारी काडेपेट्या. ती मुलगी एक चेंडू टाकायची की हा एक काडी बाजूला ठेवायचा. ऐंशी झाल्या की उठायचा, वाकलेला हात छातीशी धरून हळूहळू मैदानात जायचा आणि पिचर आणि कॅचर यांच्या बरोबर मधोमध उभा राहायचा. ऐंशीच्या पुढचा माणूस, डोक्यावर टोपी, हलायचा नाही.

पहिल्या दिवशी बाबांना वाटलं, भ्रमिष्ट झाला. दुसऱ्या दिवशी ते हात जोडून म्हणाले, "भिया, बाजूला व्हा." तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला टाकायला सांगितलं. "टाक तू! होईल तो बाजूला!" मुलगी चेंडू घेऊन उभी राहिली. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचा शत्रू आहे. मग तिने चेंडू जमिनीवर आपटला आणि शूज काढायला बसली. सराव थांबला. बाबांनी माझ्याकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "घरात साप पाळला मी."

चौथ्या दिवसासाठी त्यांनी मुलींना गुपचूप सांगितलं की सराव पाच वाजता. मला ते कळलं, कारण बाबा रोजच्यापेक्षा तासभर आधी चहा करायला उठले होते. मी ड्रायव्हरला फोन केला. पाच वाजता म्हातारा पायऱ्यांवर होता. बाबांनी त्याला पाहिलं, मग मला पाहिलं, आणि त्या दिवसापासून ते घरात माझ्याशी बोलायचे बंद झाले. मी ताट वाढायचे, ते जेवायचे, ताट उचलून स्वतः घासायला न्यायचे. स्वतःचं उष्टं ताटसुद्धा त्यांना माझ्या हाती द्यायचं नव्हतं.

आठवड्याभराने त्यांनी तिसऱ्या बेसवर खेळणाऱ्या एका डावखुऱ्या मुलीला बोलावलं आणि तिला टाकायला शिकवायला लागले. चेंडू कुठेही जायचे. बाबा मोठमोठ्याने सांगायचे की हे ते फक्त त्या म्हाताऱ्याचं तोंड बंद करायला करतायत. म्हाताऱ्याने तरी काड्या मोजणं सोडलं नाही. आता दोन ढीग करायचा. त्या डावखुरीचा चेंडू एकदा नीट बसला तेव्हा तो पायऱ्यांवरून जपानीत काहीतरी ओरडला. बाबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "काय म्हणाला?" इतक्या दिवसांत तो त्यांचा माझ्याशी पहिला शब्द. मी म्हटलं, "म्हणतात, पाय उशिरा टाकते." बाबा मुलीला म्हणाले, "पाय आधी टाक." तसं करून बघितलं तर चेंडू खरंच सरळ गेला. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याकडे पाहिलं नाही.

भोपाळला आम्ही सेमीफायनल हरलो. त्या दिवशी सकाळीच एक मॅच झाली होती, ती पहिली मुलगी पूर्ण टाकून थकली होती आणि बाबांनी दुपारी डावखुरीला उभं केलं. मी तिथे नव्हते, त्यामुळे त्यांनी ते का केलं मला माहीत नाही. त्यांनी सांगितलं नाही. त्या पहिल्या मुलीचं राज्याच्या टीममध्ये सिलेक्शन त्या वर्षी झालं नाही. तिची आई आमच्या दारात उभी राहून मला बोलली. "तुमचं करिअर गेलं म्हणून माझ्या पोरीचं पण घालवलं," असं म्हणाली. गल्लीतले लोक बाहेर आले. मी ऐकून घेतलं. आत येऊन बाबांना म्हटलं, तुम्ही तरी काही बोलायचं होतं. ते पेपर वाचत होते. "तुला बोलायची हौस आहे," ते म्हणाले. "तू बोल."

ती मुलगी पुढच्या वर्षी सिलेक्ट झाली. तिचा खांदा ठीक आहे. ती मला कुठे दिसली तर रस्ता बदलते.

साहेबांची बदली झाली आणि म्हाताराही त्यांच्याबरोबर गेला. निघायच्या आदल्या दुपारी मी फ्लॅटवर गेले. खोकी भरून झाली होती, तो एका खोक्यावर बसला होता. मला वाटलं, आता तरी काही म्हणेल. मी त्याला विचारलं, "बाबांना काही सांगू?"

"तो सांगून ऐकणारा माणूस नाही," तो म्हणाला. "उभं राहावं लागतं." मग म्हणाला, "तू फार उशिरा बोललीस." मी म्हटलं, तुम्ही तर त्या जेवणाला बोललातच नाही. त्यावर त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. तो रागावला होता. मीही. एकमेकांना नमस्कार न करता मी निघाले. पुढच्या हिवाळ्यात साहेबांचा मेल आला की वडील गेले. मी तो बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "हं." थोड्या वेळाने म्हणाले, "हात कसा गेला होता म्हणाला तो? वरून टाकून ना? बघ. वरून टाकल्यानेच जातो."

मला त्यांच्या अंगावर काहीतरी फेकावंसं वाटलं. फेकलं नाही.

परवा एक बाई तिच्या मुलीला घेऊन घरी आली होती, शिकायला पाठवू का विचारायला. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा बाबा तिला समजावून सांगत होते, "घाबरू नका बहनजी. माझा पहिल्यापासून नियम आहे, एका पोरीवर सगळा भार टाकायचा नाही. चेंडू मोजून टाकायचे. ऐंशी म्हणजे ऐंशी."

"पहिल्यापासून?" मी विचारलं.

बाई माझ्याकडे बघायला लागली. बाबांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "साखर कमी आहे."

साखर बरोबर होती. मी तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं की हा नियम कुणाचा आहे आणि कधीपासून आहे. बाई मधेच उठायला लागली. तिला वाटलं असेल, कुठल्या घरात आलो. बाबांनी सगळं ऐकलं. या वेळी झूठ म्हणाले नाहीत. बाईला म्हणाले, "पोरीला सोमवारी सहाला पाठवा. पाण्याची बाटली द्या." मग उठून आत गेले आणि दार लावून घेतलं.

मुलगी सोमवारी गेली. ती आता त्यांची तिसरी पिचर आहे. आमचं बोलणं पुन्हा बंद आहे.